नान प्रांत पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी: राजधान्यांच्या मागोमाग, नदीच्या उगमाकडे

थायलंडच्या नान प्रांतात मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेला हाताशी तीन दिवस होते आणि ते जवळपास फुकट गेले. संग्रहालयाच्या दारात सोमवारी जाऊन उभा राहिलो, तर दार बंद. दुसऱ्या दिवशी डोंगरातली सगळी फेरी भाड्याच्या स्कूटरवर संध्याकाळपर्यंत उरकू म्हणून निघालो आणि अंधार पडता पडता धुक्यात सापडलो. तिसरा दिवस थकवा काढण्यात गेला. दुसऱ्या खेपेला सहा दिवस ठेवले, क्रम बदलला, आणि आधीच्या खेपेला जे नुसतेच समोरून निघून गेले होते ते नीट दिसले. हा लेख त्या दुसऱ्या क्रमाने लिहिला आहे.

नान हा उत्तर थायलंडचा लाओसला टेकलेला डोंगराळ प्रांत आहे. बँकॉकपासून रस्त्याने तो सुमारे ६७० किलोमीटर पडतो. नान नदी याच प्रांताच्या उत्तरेकडच्या डोंगरांत उगम पावते आणि पुढे नखोन सवान येथे पिंग नदीला मिळते, तेव्हा त्या संगमापासून बँकॉकची चाव फ्राया नदी सुरू होते. इथल्या राजांनी आपली राजधानी आधी डोंगराच्या पायथ्याला, म्हणजे पुआला वसवली, मग ती नदीकाठच्या टेकडीवर आणली आणि अखेरीस नदी ओलांडून आजच्या शहराच्या जागी नेली. आपण विमानाने किंवा बसने उतरतो ते या शेवटच्या राजधानीत. त्यामुळे शहरापासून टेकडीकडे, तिथून पुआकडे आणि पुढे उगमाच्या डोंगराकडे असे उलटे जाणे इतिहासाच्या दृष्टीने सोयीचे आहे आणि रस्त्याच्या दृष्टीनेही.

१. आधी ऋतू ठरवा, तिकीट नंतर काढा

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा सर्वांत सुखाचा काळ. डोंगरमाथ्यावर डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान एक आकडी होते, आणि "थायलंडला थंडी कसली" असे म्हणून स्वेटर घरी ठेवणारे लोक तंबूत रात्रभर जागे राहतात. मी त्यांच्यापैकीच एक होतो.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंडभर शेतातला पालापाचोळा आणि जंगलातला वणवा यांचा धूर दरीत साचून राहतो. छायाचित्रांतल्या निळ्या डोंगररांगा तेव्हा दिसत नाहीत, आणि दमेकऱ्यांनी तर या काळात इथे येऊच नये. पावसाळा मे ते ऑक्टोबर. जुलै ते सप्टेंबरात भातखाचरे हिरवीगार असतात आणि हॉटेले स्वस्त मिळतात, पण दरडी कोसळतात आणि नदीलाही पूर येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये नान शहरात मोठा पूर आला होता. पावसाळ्यातच जायचे असेल, तर बदलता येईल असे तिकीट आणि दोन मोकळे दिवस ठेवा. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपण्याच्या सुमारास, साधारण ऑक्टोबरात, नागमुखी लांब होड्यांच्या शर्यती होतात. तेव्हा शहर भरलेले असते आणि खोली आधीच राखून ठेवावी लागते.

२. कागदपत्रे

सोबत हवीच अशी कागदपत्रे पुढीलप्रमाणे:

- किमान ६ महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या पानाच्या दोन छायाप्रती.
- भारतीयांसाठी त्या वेळी लागू असलेल्या नियमानुसार व्हिसा किंवा व्हिसा-सवलत. हे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी थाई दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करा. मित्राच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका.
- थायलंडचे डिजिटल आगमन-पत्र. १ मे २०२५ पासून ते सक्तीचे आहे, पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचे असते आणि त्याला शुल्क नाही. जिथे पैसे मागितले जातात ते संकेतस्थळ सरकारी नव्हे.
- परतीचे तिकीट आणि पहिल्या काही रात्रींच्या निवासाची नोंद, दोन्ही कागदावर छापून.
- वाहन चालवायचे असल्यास मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना.
- प्रवास विमा.

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून मिळतो. त्याची मुदत एक वर्ष असते आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. इथे सर्वाधिक लोक फसतात ते असे, की भारतातला मूळ परवाना फक्त मोटारीचा असतो आणि नानमध्ये ते स्कूटर घेतात. दुचाकीच्या वर्गावर शिक्का नसेल तर पोलीस दंड करतातच, शिवाय अपघात झाल्यास बहुतेक विमा कंपन्या दावा नाकारतात. विम्याचे पत्रक घेताना दुचाकीविषयीचे कलम डोळ्यांखालून घालावे. ते सहसा शेवटच्या पानांवर असते.

३. नानपर्यंत पोहोचणे

बँकॉकहून नानला थेट विमान आहे आणि प्रवास सव्वा तासाच्या आसपासचा आहे. अडचण अशी, की नानची विमाने डॉन मुअंग नावाच्या विमानतळावरून सुटतात, तर मुंबईहून जाणारी पुष्कळशी विमाने सुवर्णभूमीला उतरतात. दोन्ही विमानतळ शहराच्या दोन टोकांना आहेत. पुढचे तिकीट दाखवल्यास दोहोंमध्ये मोफत बस मिळते, पण बँकॉकच्या वाहतुकीचा भरवसा नाही. दोन विमानांत किमान ५ तास ठेवा, किंवा सरळ एक रात्र बँकॉकला काढा.

बसने जायचे तर बँकॉकच्या मो छित स्थानकावरून रात्री गाड्या सुटतात आणि १० ते ११ तासांनी नानला पोहोचवतात. चियांग मायहूनही बस आहे, तिला साधारण ६ तास लागतात. नानला रेल्वे नाही. सर्वांत जवळचे स्थानक शेजारच्या फ्रे प्रांतातले देन चाय, आणि तिथून पुढे रस्त्यानेच यावे लागते. रेल्वेचे वेड असल्याशिवाय हा मार्ग घेऊ नये.

४. वाहन ठरवणे

शहरातली मंदिरे पायी किंवा सायकलवर होतात. डोंगरासाठी मात्र स्वतःचे वाहन किंवा चालकासह गाडी हवी, कारण तिकडे जाणाऱ्या सोंगथेव, म्हणजे मागे दोन बाकडी असलेल्या भाडोत्री गाड्या, मोजक्याच फेऱ्या करतात आणि उद्यानाच्या दारापर्यंत सोडतीलच असे नाही. थायलंडमध्येही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्याला वेगळी सवय करावी लागत नाही. सवय करावी लागते ती उताराची.

पुआहून बो क्लुआ या डोंगरातल्या मिठागराकडे जाणारा १२५६ क्रमांकाचा रस्ता डांबरी आणि उत्तम आहे, पण त्यावर लांबच लांब तीव्र उतार आहेत. गिअर नसलेल्या स्कूटरचे ब्रेक सतत दाबून धरले की तापतात आणि पकड सोडतात. मोटार असेल तर गिअर खाली उतरवून इंजिनाच्या जोरावर वेग आवरा. स्कूटर असेल तर थांबत थांबत उतरा, आणि पहिल्यांदाच डोंगरात दुचाकी चालवणार असाल तर तो बेत इथे नको.

आणखी एक सापळा. स्कूटर देणारा तारण म्हणून पासपोर्ट मागतो. तो देऊ नका. रोख अनामत देऊ करा, छायाप्रत द्या, आणि तरी ऐकत नसेल तर दुसरे दुकान पाहा. पहिल्या खेपेला मी पासपोर्ट दिला होता, आणि परत करताना आधीपासूनच असलेल्या एका ओरखड्याचे पैसे मोजून तो सोडवून घ्यावा लागला. दुसऱ्या खेपेला ताब्यात घेण्यापूर्वी गाडीचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढला, दुकानदाराला तो हसतहसत दाखवला, आणि कसलीच कुरबूर झाली नाही.

५. फलक वाचण्यापुरता इतिहास

थायलंडमध्ये बुद्ध संवत चालतो आणि तो इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे आहे. मंदिराच्या फलकावर २१३९ दिसले तर ५४३ वजा करा, उत्तर १५९६ येते. बसच्या तिकिटावर किंवा पावतीवर २५६९ दिसले तर छपाईची चूक समजू नका, ते २०२६ आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस फू खा घराण्याने पुआ येथे राज्य स्थापन केले. त्या नगराचे नाव वरनगर, थाई उच्चारात वरनखोन, आणि पुआमधल्या एका तांबोनला, म्हणजे गावांच्या गटाला, आजही तेच नाव आहे. १३५९ मध्ये फया कान म्युअंग याने राजधानी दक्षिणेला नान नदीच्या पूर्वेकडील टेकडीवर नेली. तिथे पाण्याची ओढ पडू लागली, तेव्हा १३६८ मध्ये फया फा कोंग याने नदीच्या पश्चिम काठावर आजचे शहर वसवले. एकोणिसाव्या शतकात याच नदीच्या पुरामुळे शहर काही दशके उत्तरेला हलवावे लागले होते, आणि १८५५ मध्ये ते परत जुन्या जागी आले. पाणी नाही म्हणून एकदा आणि पाणी फार झाले म्हणून एकदा, असा हा हिशेब आहे.

पंधराव्या शतकाच्या मध्यावर चियांग मायच्या तिलोकराजाने नान जिंकून लान्ना राज्याला जोडले. सोळाव्या शतकापासून ब्रह्मी सत्ता आली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस नान बँकॉकच्या छत्राखाली गेले, पण स्वतःचे राजे राखून. १९०४ च्या करारानुसार सयामने मेकाँगच्या उजव्या काठाचा प्रदेश फ्रेंचांना दिला, तेव्हा नानच्या राजांचा पूर्वेकडचा मुलूख गेला. १९३१ मध्ये शेवटचे राजे वारले आणि गादी संपली.

त्यानंतरचा एक अध्याय पर्यटन-पत्रकांत सहसा नसतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नानचे डोंगर हा थाई कम्युनिस्ट बंडखोरांचा तळ होता. या भागातले डोंगरी रस्ते लष्करी गरजेतून आले, आणि पर्यटकही इथे बराच उशिरा पोहोचला. उत्तरेला थुंग छांग येथे त्या लढाईचे स्मारक आहे.

६. पहिला दिवस: शहर, पायी

सोमवार आणि मंगळवार टाळून शहरात या, कारण नान राष्ट्रीय संग्रहालय त्या दोन दिवशी बंद असते. संग्रहालय ज्या राजवाड्यात आहे तो राजा सुरियफोंग फरितदेत याने १९०३ मध्ये बांधला. वरच्या मजल्यावर काळा हस्तिदंत आहे: लांबी सुमारे ९४ सेंटिमीटर, वजन १८ किलो, आणि त्याला खांद्यावर पेलणारा लाकडी गरुड. रंग खरे तर गडद तपकिरी आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे विरस होणार नाही. बाहेर चाफ्याच्या झाडांची कमान आहे. तिथे छायाचित्रासाठी रांग लागते, म्हणून ती सकाळी ८ च्या आधी पाहून घ्या.

रस्ता ओलांडला की वाट फ्रा थात छांग खाम. थाई भाषेत "वाट" म्हणजे मंदिर-विहाराचे आवार. मूळ संस्कृत "वाट" या शब्दाचा अर्थ कुंपण घातलेली जागा असा आहे, आणि आपला "वाडा" त्याच शब्दातून आला. "फ्रा थात" म्हणजे पवित्र धातू, अर्थात अस्थी ठेवलेला स्तूप. "छांग खाम" म्हणजे हत्तींनी पेललेला. स्तूपाच्या चौथऱ्यातून २४ हत्तींची अर्धी शरीरे बाहेर आलेली दिसतात. प्रदक्षिणा घालताना ती मोजा.

तिथून दोन मिनिटांवर वाट फुमिन आहे, आणि सगळी घाई बाजूला ठेवावी ती इथे. स्थापना १५९६ ची, मोठा जीर्णोद्धार १८६७ ते १८७५ मधला. इमारत अधिक-चिन्हाच्या आकाराची असून चारही दिशांना दारे आहेत आणि मध्यभागी पाठीला पाठ लावून बसलेल्या भूमिस्पर्श मुद्रेतल्या चार बुद्धमूर्ती आहेत. कोणत्याही दाराने आत गेलात तरी एक मूर्ती तुमच्याकडेच पाहत असते. दोन प्रचंड नाग असे घडवले आहेत, की त्यांनी सबंध वास्तू पाठीवर घेतली आहे असा भास व्हावा. शेपट्या एका बाजूला, फणे दुसऱ्या बाजूला.

भिंतींवरची चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. विषय जातककथांचा, पण चित्रकाराची नजर नानच्या रस्त्यावर आहे. मागावर बसलेली बाई, मांड्यांवर गुडघ्यापर्यंत गोंदलेले पुरुष, विड्या ओढणारे, होडीतून उतरलेले टोपीवाले युरोपीय. अजिंठ्याला जातकांच्या आडून त्या काळची वस्त्रे आणि दागिने पाहायची सवय असलेल्या माणसाला हे लगेच उमजते. सगळ्यांत प्रसिद्ध चित्र एका जोडप्याचे आहे. पुरुष बाईच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानाशी काही सांगतो आहे आणि तिचा चेहरा किंचित वळलेला आहे. हे चित्र शहरभर टी-शर्टांवर, कपांवर, रिक्षांवर छापलेले दिसते. त्यामुळे मूळ चित्र पाहून तिथूनच परतणारे लोक खूप, आणि त्याच भिंतीवर वरच्या पट्ट्यात काय आहे हे कोणी पाहत नाही. लहान दुर्बीण असेल तर न्या. फ्लॅश वापरू नका.

मंदिरात वागण्याचे नियम थोडक्यात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पादत्राणे उंबऱ्याबाहेर, बसताना तळपाय मूर्तीकडे करायचे नाहीत, आणि स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये किंवा वस्तू थेट हातात देऊ नये.

शुक्रवार ते रविवार संध्याकाळी वाट फुमिनशेजारी बाजार भरतो. खाणे विकत घेऊन पटांगणात चटईवर बसायचे असते. वाट मिंग म्युअंगचे पांढरेशुभ्र कोरीव काम वाटेवर दिसेल, ते अर्ध्या तासात पाहून होते. संध्याकाळी वाट फ्रा थात खाव नोय या टेकडीवर जा. ३०३ पायऱ्या आहेत आणि गाडीरस्ताही आहे. वर ९ मीटरची उभी बुद्धमूर्ती शहराकडे तोंड करून आहे आणि तिच्या पायाशी उभे राहिले की दरी, नदी आणि उद्या जायची ती पूर्वेकडची टेकडी एका नजरेत दिसते.

७. दुसऱ्या दिवसाची सकाळ: नदीपलीकडची राजधानी

वाट फ्रा थात छे हेंग शहरापासून जेमतेम ३ किलोमीटरवर आहे. "छे" म्हणजे भिजवणे आणि "हेंग" म्हणजे कोरडे. सुखोथायच्या राजाकडून मिळालेले धातू इथे ठेवले अशी परंपरा आहे, आणि सुमारे ५५ मीटर उंचीचा सोनेरी पत्र्याने मढवलेला स्तूप चौदाव्या शतकाच्या मध्यापासूनचा मानतात. उत्तर थायलंडमध्ये १२ वर्षांच्या चक्रातल्या प्रत्येक वर्षाचा एक स्तूप ठरलेला आहे, आणि हा सशाच्या वर्षाचा. १९६३, १९७५, १९८७, १९९९ किंवा २०११ मध्ये जन्मलेले कोणी सोबत असेल तर त्यांना सांगा. तिथले लोक जन्मवर्ष विचारतात आणि जुळले की मनापासून आनंदतात.

सकाळी लवकर गेल्यास फरशी तापलेली नसते. दुपारी अनवाणी प्रदक्षिणा म्हणजे शिक्षा.

८. पुआकडे

नानहून पुआ उत्तरेला सुमारे ६० किलोमीटर. वाटेत था वांग फा तालुक्यात वाट नोंग बुआ आहे, ते चुकवू नका. हे ताई ल्यु लोकांचे मंदिर. त्यांचे पूर्वज चीनच्या युन्नानमधल्या सिपसोंग पन्नातून इकडे आले. इथलीही भित्तिचित्रे सुंदर आहेत आणि वाट फुमिन रंगवणाऱ्याच हाताची असावीत असे मानले जाते. तिथली गर्दी इथे नाही, त्यामुळे एखादे चित्र दहा मिनिटे पाहत राहिले तरी मागून कोणी ढकलत नाही. आसपास "वाहत्या पाण्याची" नक्षी विणलेली वस्त्रे मिळतात. यंत्रावरची आणि हातमागावरची यांच्या किमतींत मोठा फरक असतो, म्हणून उलट बाजू पाहून मगच भाव करा.

पुआला मुक्काम करा. येथील वाट फुकेतच्या गच्चीवरून भातशेतीपलीकडे फू खाची रांग दिसते. नकाशावर नाव शोधताना पुआ हा शब्दही घाला, नाहीतर फोन तुम्हाला फुकेत बेटाचा रस्ता दाखवतो. रोख रक्कम आणि इंधन दोन्ही पुआतच भरून घ्या. पुढे बो क्लुआपर्यंत पंप विरळ आहेत. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी २०० बाहतांहून अधिक शुल्क कापते, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढलेली बरी.

९. दोय फू खा राष्ट्रीय उद्यान

"दोय" म्हणजे उत्तरेकडच्या बोलीत डोंगर. हे उद्यान १९९९ मध्ये घोषित झाले, क्षेत्रफळ सुमारे १,७०४ चौरस किलोमीटर, आणि ज्या शिखरावरून नाव पडले ते १,९८० मीटर उंच. उद्यानाचे कार्यालय पुआपासून सुमारे २५ किलोमीटरवर, १२५६ रस्त्यालगतच आहे. तंबू, गाद्या आणि खोल्या तिथे भाड्याने मिळतात. डिसेंबर-जानेवारीतल्या शनिवार-रविवारसाठी आधी नोंदणी न करता जाऊ नका.

प्रवेश-शुल्काच्या फलकावर थाई नागरिकांचा दर थाई अंकांत आणि परदेशी नागरिकांचा दर इंग्रजी अंकांत असतो. दुसरा कितीतरी जास्त असतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पावती जपून ठेवा. उद्यानात मद्य नेण्यास आणि एकदाच वापरून फेकायचे प्लास्टिक व थर्माकोल नेण्यास मनाई आहे. ड्रोनला परवानगी लागते.

फेब्रुवारीत, धूर दाटण्याच्या अगोदर, रस्त्याकडेच्या एका झाडासमोर गाड्या थांबलेल्या दिसतील. ते छोम्फू फू खा, जगातच दुर्मीळ असलेले गुलाबी फुलांचे झाड. फुले उंचावर असतात. जवळच राज्य स्थापन करणाऱ्या फू खा घराण्याच्या मूळपुरुषाचे ठाणे आहे. मी पाहिले तेव्हा एक मालवाहू गाडी त्याच्यासमोर हळू झाली, चालकाने दोनदा हॉर्न दिला, चाकावरचा एक हात सोडून कपाळाला लावला आणि गाडी पुढे गेली. आपल्याकडच्या घाटातल्या खंडोबासमोर किंवा म्हसोबासमोर एसटीचा चालक जे करतो तेच. शहरातल्या संग्रहालयातली वंशावळ तिथे कोरडी वाटली होती, इथे ती अचानक जिवंत झाली. उलट्या क्रमाने या असे मी म्हणतो ते यासाठी.

पुढे १,७१५ मीटरवर त्याच आकड्याच्या नावाचे दृश्यस्थळ आहे. पहाटे ढगांचा समुद्र दिसतो. दुपारी ३ नंतर धुके उतरू लागते, म्हणून तोपर्यंत हा टप्पा ओलांडलेला असावा. दोय फू वे या १,८३७ मीटरच्या गवताळ माथ्यावरची पायी मोहीम वनखात्याच्या परवानगीने, वाटाड्यासह आणि ठरावीक हंगामातच होते. उद्यान कार्यालयाशी आधी संपर्क साधा.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी करून पाहा. उद्यानाच्या सीमेबाहेरचे कित्येक डोंगर पशुखाद्याच्या मक्यासाठी माथ्यापर्यंत बोडके केलेले आहेत. सुंदर छायाचित्रे त्यांना चौकटीबाहेर ठेवतात.

१०. बो क्लुआ: डोंगरातले मिठागर

"बो" म्हणजे विहीर, "क्लुआ" म्हणजे मीठ. पुआपासून साधारण ५० किलोमीटर, पण वळणांमुळे दोन तास धरा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, डोंगराच्या कुशीत खाऱ्या पाण्याच्या विहिरी आहेत. आपल्या कोकणातल्या आगरांत ऊन मीठ पिकवते, इथे ते चुलीवर पिकते. विहिरीतून बादलीने काढलेले पाणी मातीच्या लांबट चुलीवरच्या मोठ्या कढईत तासन् तास उकळते, कडेला पांढरी साय धरते, आणि मग बाई ते मीठ उलथन्याने ओढून वर टांगलेल्या बांबूच्या टोपलीत टाकते. टोपलीतून निथळणारे पाणी परत कढईतच पडते. एक थेंबही वाया जात नाही. या मिठात आयोडीन नसते, म्हणून विकण्यापूर्वी ते मिसळतात.

वर्षावासाच्या तीन महिन्यांत, म्हणजे साधारण जुलै ते ऑक्टोबर, प्रथेनुसार मीठ शिजवणे बंद ठेवतात. कढई पाहायचीच असेल तर तेव्हा जाऊ नका.

मुक्काम इथे किंवा जवळच्या सपान गावात करा. सपानचा धबधबा खुन नान राष्ट्रीय उद्यानात येतो. पहिल्या खेपेला धुक्यात अडकलो तेव्हा याच भागातल्या एका घरी मला रात्रीपुरता आसरा मिळाला. घरच्या आजीने माझ्याकडे पाहून आधी गरम पाणी दिले, मग गाडीची चावी काढून स्वतःच्या पदराला बांधावी तशी कमरेच्या पिशवीत टाकली, आणि सकाळी ऊन पडल्यावरच परत दिली. परतताना १०८१ चा रस्ता धरा, म्हणजे त्याच वाटेने मागे फिरावे लागत नाही. त्यावरचे तीनच्या अंकासारखे वळण पाहायला लोक गाड्या थांबवतात. वळणावर नव्हे, थोडे पुढे जाऊन थांबा.

११. दक्षिणेचा वेगळा दिवस: सी नान

हा भाग उत्तरेच्या फेरीत कोंबू नका. नानहून दक्षिणेला ना नोय सुमारे ६० किलोमीटर आहे. तिथले साव दिन म्हणजे पावसाने झिजून उरलेले मातीचे खांब. ते ठिसूळ आहेत, चढू नका. पुढे सी नान राष्ट्रीय उद्यानात दोय समो दाव, म्हणजे "ताऱ्यांच्या बरोबरीचा डोंगर", येथे तंबूत राहून सूर्योदय पाहता येतो. शेजारच्या सुळक्याचे नाव फा हुआ सिंग, सिंहाच्या डोक्याचा कडा. नावातला सिंह आपलाच आहे. त्याच भागातल्या खुन सथानला डिसेंबरच्या अखेरीपासून रानचेरी फुलते आणि तेव्हा तिथे तंबूला जागा मिळत नाही.

१२. पोटाची सोय

शाकाहारी लोकांनी दोन शब्द पाठ करावेत. "जे" म्हणजे मांस, मासे, अंडी, कांदा-लसूण काहीच नको. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेले दुकान ते हेच. "मंगसविरत" म्हणजे मांस नको, अंडे चालेल. हा शब्द "मांसविरती"चाच थाई अवतार आहे. नुसते "भाजी द्या" म्हणाल तर तीत माशांचे पाणी, नाम प्ला, असतेच. "माय साय नाम प्ला" असे स्पष्ट सांगा.

मांसाहारी असाल तर माखवेन लावून तळलेली कोंबडी मागा. माखवेन हे आपल्या तिरफळाचे भाऊबंद. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्या माणसाला पहिल्या घासालाच जिभेची ती ओळखीची झिणझिण येईल. पुआच्या बाजारात ते सुके मिळते, पण बियाणे आणि वनस्पतिजन्य माल भारतात आणण्यावर निर्बंध असल्याने मी ते तिथेच खाऊन संपवले. बो क्लुआचे मीठ मात्र आणले. दोन पिशव्यांत घट्ट बांधून, दुकानाचे छापील लेबल वर ठेवून, सोबतच्या सामानात नव्हे तर विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाका. विमानतळावर पांढऱ्या भुकटीची पुडी हातातल्या पिशवीत सापडली की ते मीठ आहे हे पटवून देण्यात वेळ जातो.